वाहिनीप्रमुख

दूरचित्रवाणी वाहिनीवर काय दाखवायचे, कोणत्या वेळेला दाखवायचे आणि त्यासाठी किती पैसा लावायचा, या तिन्ही प्रश्नांची अखेरची जबाबदारी ज्याच्यावर असते तो अधिकारी म्हणजे वाहिनीप्रमुख. मराठी मालिकांच्या जगात बोलताना त्याला ‘बिझनेस हेड’ किंवा नुसते ‘चॅनल हेड’ म्हणतात. कार्यक्रमांची बाजू पाहणारा ‘प्रोग्रॅमिंग हेड’ त्याच्या हाताखाली असतो, पण काही वाहिन्यांत दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे आलेली आहेत. मराठी मनोरंजन वाहिन्यांच्या प्रमुखांची कचेरी मुंबईत असते. निर्णय बरोबर ठरला की चूक, हे मात्र बऱ्याच अंशी मुंबईबाहेरच्या घरांत ठरते. २०११च्या जनगणनेनुसार १४ लाख ८६ हजार वस्तीचे नाशिक शहर आणि ६१ लाखांवरचा नाशिक जिल्हा हा त्या घरांचा मोठा वाटेकरी आहे. म्हणून या पदाची माहिती इथे नाशिकच्या बाजूने दिली आहे.

जुने उदाहरण

कलेचा आणि पैशाचा हिशेब एकाच माणसाने सांभाळण्याची ओढाताण नाशिकने दूरचित्रवाणीच्या फार आधी पाहिली. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी पहिल्या चित्रपटानंतर आपला कारखाना नाशिकला हलवला. १९१८ साली भांडवलदार भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. खर्चावरून आणि कामाच्या पद्धतीवरून भागीदारांशी खटके उडू लागले. फाळके कंपनी सोडून काशीला गेले आणि काही वर्षांनी परत आले. पटकथा, चित्रीकरण, वितरण, उसनवारी हे सगळे त्यांनीच वाहिले. आजच्या वाहिनीप्रमुखाचे निम्मे काम त्यात दिसते. उरलेले निम्मे, म्हणजे दर आठवड्याला हाती पडणारा आकडा, त्या काळी नव्हता.

पदाचा उदय

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तिथे केंद्र संचालक असत, निर्माते असत, पण व्यवसायाचा प्रमुख असे कोणी नव्हते. निर्माता सरकारी नोकर होता आणि प्रेक्षकाला दुसरी वाहिनीच उपलब्ध नव्हती. १९९२च्या ऑक्टोबरात झी टीव्ही आले, तेव्हा हे चित्र बदलू लागले. सरकारी आणि खासगी या दोन जगांतली ये-जाही तेव्हाच सुरू झाली. दूरदर्शनचे महासंचालक राहिलेले रतिकांत बसू १९९६ साली स्टारमध्ये गेले, हे तिचे सर्वांत गाजलेले उदाहरण.

मराठीत हे पद खऱ्या अर्थाने १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी सुरू झाल्यावर आकाराला आले. हीच वाहिनी २००५ पासून झी मराठी झाली. २००० साली ईटीव्ही मराठी आली, तिचे २०१५ मध्ये कलर्स मराठी असे नामांतर झाले. नोव्हेंबर २००८ मध्ये स्टार प्रवाह आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सोनी मराठी सुरू झाली. एकाच वेळी, एकाच भाषेत, त्याच घरांसाठी चार-पाच वाहिन्या झगडू लागल्या, तेव्हा कोणीतरी एकाने उत्तर द्यावे लागेल अशी खुर्ची तयार झाली.

गुरुवार

वाहिनीप्रमुखाचा आठवडा गुरुवारभोवती फिरतो. शनिवार ते शुक्रवार या आठवड्याचे प्रेक्षकमापन पुढच्या गुरुवारी हाती येते. २०१५ पासून हे काम बार्क ही संस्था करते. वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरातसंस्था या तिघांनी मिळून ती उभी केली आहे. निवडलेल्या घरांतील टीव्हीला एक यंत्र जोडतात. वाहिनीच्या आवाजात कानाला न जाणवणारी खूण मिसळलेली असते, ती हे यंत्र ओळखते. घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर स्वतःचे बटण असते आणि पाहायला बसताना ते दाबायचे असते. ही घरे कोणती हे गुप्त ठेवतात, आणि ते आवश्यकच आहे. यंत्र असलेल्या घरांना आमिष दाखवल्याच्या आरोपांवरून ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबईत गुन्हा नोंदला गेला, त्यानंतर वृत्तवाहिन्यांचे आकडे मार्च २०२२ पर्यंत बंद होते.

या पद्धतीत नाशिकचे स्थान विचारात घेण्यासारखे आहे. बार्कच्या आधीचे मोजमाप मुख्यतः शहरांपुरते होते. ग्रामीण आकडे ऑक्टोबर २०१५ पासून येऊ लागले आणि निफाड, दिंडोरी, येवल्यासारख्या तालुक्यांतला प्रेक्षक पहिल्यांदा हिशेबात धरला गेला. त्याआधी मराठी वाहिनीप्रमुख मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्याकडे पाहून मालिका ठरवत असे, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही. गावाकडची पार्श्वभूमी, शेतीवाडी, तालुक्याची बोली पुढच्या वर्षांत पडद्यावर वाढली, त्यामागे लेखकांच्या आवडीइतकाच या मोजणीचाही हात आहे.

आकड्याचे पैसे कसे होतात, हे नीट समजून घेतले तर या माणसाची घालमेल कळते. नियमाप्रमाणे तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात: १० मिनिटे व्यापारी जाहिराती आणि २ मिनिटे वाहिनीचे स्वतःचे प्रोमो. अर्ध्या तासाच्या मालिकेला म्हणजे व्यापारी जाहिरातीची ५ मिनिटे, दहा-दहा सेकंदांचे ३० तुकडे. मालिका सोमवार ते शनिवार चालली तर आठवड्याला १८० तुकडे. प्रत्येक तुकड्याचा दर रेटिंगवर, म्हणजे गुरुवारच्या आकड्यावर ठरतो. रेटिंग पडले की तुकडे तेवढेच राहतात, दर उतरतो, आणि निर्मात्याला प्रत्येक भागामागे द्यायची रक्कम मात्र तीच राहते. मालिका बंद करण्याचा निर्णय बहुतेक वेळा या तीन ओळींच्या हिशेबातून येतो. कलाकारांना तो अनेकदा सेटवर कळतो, आणि ही या धंद्यातली फार दुखरी बाजू आहे.

आठवड्यातले इतर दिवस कथेच्या बैठका, प्रोमो पाहणे, स्लॉटची, म्हणजे मालिकांच्या ठरलेल्या वेळांची, अदलाबदल यांत जातात. रोजच्या मालिकेत सुरुवातीला काही भाग आधीच चित्रित करून ठेवतात, त्याला ‘बँक’ म्हणतात. ती आटली की आज चित्रित झालेले दोन-तीन दिवसांत दाखवावे लागते आणि गुरुवारच्या आकड्याप्रमाणे कथेचा ‘ट्रॅक’ वळवला जातो. एखादी बाजू चालली की ती ताणली जाते, न चाललेले पात्र परगावी पाठवले जाते. याला प्रेक्षकाचा कौल म्हणावे की लेखकावरचा दबाव, यावर या क्षेत्रात दोन मते आहेत. चांगला प्रमुख आकडा पाहूनही लेखकाला तीन-चार आठवडे मोकळे सोडतो. प्रस्तुत नोंदीच्या मते या पदावरच्या माणसाची पारख इथेच होते, गाजलेल्या मालिकांची यादी त्यासाठी पुरेशी नाही.

सगळेच काही मोठ्या खर्चाच्या मालिकांवर उभे राहत नाही. २००४ मध्ये, झी मराठी अजून अल्फा मराठी होती तेव्हा सुरू झालेला, आदेश बांदेकर यांनी सादर केलेला ‘होम मिनिस्टर’ हा कार्यक्रम संध्याकाळच्या वेळी थेट लोकांच्या घरी गेला आणि घरातल्या वहिनींना पैठणी देऊ लागला. ती पैठणी ज्या येवल्याची, ते नाशिक जिल्ह्यातलेच. गावोगावच्या स्वयंपाकघरात वाहिनीचे नाव पोहोचवणारा इतका साधा उपाय मराठीत दुसरा सांगता येणार नाही.

केबलची वाट

कार्यक्रम उत्तम असून घरात दिसतच नसेल तर उपयोग नाही. वितरण हा या पदाचा सर्वांत कमी माहीत असलेला भाग आहे, आणि नाशिकसारख्या शहरात तो नीट पाहायला मिळतो. जुन्या केबलवर साधारण शंभरच्या आत वाहिन्या बसत, त्यातही सगळ्या सारख्या दिसत नसत. खालच्या बँडवर, म्हणजे लहरींच्या खालच्या पट्ट्यात, चित्र स्वच्छ येई आणि जुन्या टीव्हीलाही पकडता येई. वरच्या बँडवर मुंग्या. म्हणून आपली वाहिनी चांगल्या जागी लावावी यासाठी वाहिन्या केबल कंपन्यांना ‘कॅरेज फी’ देत. नाशिकच्या सिडकोतल्या किंवा पंचवटीतल्या गृहिणीने ‘आज ते चॅनल दिसत नाही’ अशी तक्रार गल्लीतल्या केबलवाल्याकडे करायची, आणि तिचे मूळ मुंबईतल्या कुठल्यातरी न झालेल्या कराराशी असायचे.

केबलच्या डिजिटलीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यात देशातली ३८ शहरे होती. नाशिक त्यांपैकी एक, मुदत ३१ मार्च २०१३. सेट-टॉप बॉक्स आले, बँडची भांडणे संपली आणि वाहिनीच्या क्रमांकाची सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ पासून नवी दरपद्धत लागू झाली. ग्राहकाने हव्या त्या वाहिन्या निवडून त्यांचे पैसे द्यायचे, आणि एकत्रित ‘बुके’त घालायच्या वाहिनीची किंमत महिना १९ रुपयांच्या वर नको, असे ठरले. ही मर्यादा मध्यंतरी १२ रुपये करण्यात आली होती, २०२२ च्या अखेरीस ती पुन्हा १९ झाली. वाहिनीप्रमुखाला त्यामुळे जाहिरातदारासोबत थेट वर्गणीदाराचाही विचार करावा लागू लागला. जिल्ह्याच्या ग्रामीण भागात दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री महिन्याच्या वर्गणीशिवाय चालते. तिथली जागा लिलावात घेऊन मोफत वाहिनी चालवायची की पैसे घेऊन केबलवरच राहायचे, हा अलीकडच्या वर्षांतला अवघड निर्णय आहे.

या पदापर्यंतच्या वाटा

एकच शिक्षण, एकच परीक्षा असे इथे काही नाही. जाहिरातविक्रीतून वर आलेले, पत्रकारितेतून आलेले, दिग्दर्शनातून आलेले असे तिन्ही प्रकार दिसतात. स्टार इंडियाचे प्रमुखपद २००७ मध्ये घेतलेले उदय शंकर मूळचे पत्रकार. स्टार प्रवाहची धुरा सांभाळणारे सतीश राजवाडे आधीपासून दिग्दर्शक आणि अभिनेते म्हणून माहीत होते. निखिल साने यांनी झी मराठी आणि पुढे कलर्स मराठी अशा दोन स्पर्धक वाहिन्यांचे नेतृत्व केले. मराठीत रंगभूमीशी नाते असलेली माणसे या खुर्चीजवळ अधिक दिसतात. लेखक-नटांची भाषा कळणे हे इथे आकडे कळण्याइतकेच भांडवल ठरते.

त्या दृष्टीने नाशिकची जमीन चांगली आहे. कुसुमाग्रजांनी १९५० साली सुरू केलेले लोकहितवादी मंडळ, एचपीटी महाविद्यालयात शिकवणारे वसंत कानेटकर, सायखेडकर नाट्यगृहात रंगणारी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी, यांतून पिढ्यान्‌पिढ्या नाटकवेडी मुले तयार झाली. त्याच महाविद्यालयात पत्रकारितेचा अभ्यासक्रमही आहे. पण कचेऱ्या मुंबईत, सेट गोरेगाव, मढ, मीरा रोडकडे. नाशिकहून निघालेला मुलगा सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडतो, आरंभी सहायक दिग्दर्शक किंवा वाहिनीत ‘ईपी’, म्हणजे कार्यकारी निर्माता, होतो. वाहिनीच्या बाजूने एक-दोन मालिकांवर देखरेख ठेवणारी ही पायरी सर्वांत उपयोगाची. रात्री दोनला आलेला कथाभाग वाचून सकाळी सेटवर तो उभा राहतो का हे पाहणे, निर्माता आणि वाहिनी या दोघांचे बोलणे खाणे, हे इथेच अंगवळणी पडते. जे थेट विक्रीतून वर जातात त्यांना हा अनुभव नसतो आणि पुढे त्यांना तो उसना घ्यावा लागतो.

पद सोडल्यावर

या खुर्चीवर माणूस फार काळ टिकत नाही. आकडे उतरले, मालक बदलले, वरची रचना बदलली, की प्रमुख बदलतो. सोडल्यावरची नेहमीची वाट निर्मितीची: झी मराठीचे प्रमुख राहिलेले नितीन वैद्य पुढे दशमी क्रिएशन्समधून मालिका आणि चित्रपटांच्या निर्मितीत आले. कालपर्यंत जो स्लॉट देत होता तो आज त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून स्लॉट मागतो.

अलीकडे खुर्च्यांची मांडणीच बदलली आहे. सोनी आणि झी यांचे ठरलेले विलीनीकरण जानेवारी २०२४ मध्ये मोडले. त्याच वर्षी नोव्हेंबरात स्टार आणि कलर्स मराठी चालवणारी वायाकॉम१८ या कंपन्या एकत्र आल्या आणि सोळा वर्षे समोरासमोर लढलेल्या स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी एका छताखाली गेल्या. रात्री साडेआठला या दोघींनी एकमेकींसमोर काय लावायचे, हे आता एकाच कंपनीत ठरते.