रात्री भिंत धग टाकते तेव्हा

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या जुन्या दगडी वाड्यात मे महिन्यात पश्चिमेची खोली दुपारी सगळ्यांत गार असे. रात्री अकराला मात्र तिथे बसवत नसे. पंखा गरगरत असूनही घाम थांबायचा नाही. आजी म्हणायची, "भिंत धग टाकतेय रे, गच्चीवर जा." भिंतीपासून वीतभर लांब हात धरला, तरी तळव्याला ते कळायचं.

'टाकतेय' हा आजीचा शब्द अगदी नेमका होता. प्रत्येक वस्तू सतत किरण बाहेर टाकत असते. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड लाल होतं तेव्हा ते दिसतात. चाळीस अंशांच्या दगडातून निघतात ते अवरक्त किरण, डोळ्यांना न दिसणारे. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात, लाल रंगाच्याही पलीकडच्या अंधारात, थर्मामीटर ठेवला. तिथेही पारा चढला.

एरवी आपल्या शरीराची बरीचशी उष्णता याच वाटेने बाहेर पडते. चौतीस अंशांची त्वचा दर चौरस मीटरला सुमारे ५०० वॅट टाकते. चाळीस अंशांची भिंतही जवळजवळ तेवढंच परत देते, म्हणजे ही वाटच बंद. या देवाणघेवाणीला हवा लागत नाही, त्यामुळे पंख्याचं इथे काही चालत नाही.

मग दुपारी ती खोली गार कशी? दगडातून उष्णता फार सावकाश आत सरकते. दीड फूट जाडीच्या वालुकाश्माच्या भिंतीतून दुपारचं ऊन आतल्या बाजूला पोचायला साधारण आठ-नऊ तास लागतात. आम्ही जेवून उठायचो तेव्हा ते खोलीत यायचं.

बाहेरून चुना फासल्याने दिवसा फायदा होतो, कारण पांढरा रंग ऊन परतवतो. आतला चुना मात्र रात्रीची धग अडवत नाही. अवरक्त किरण टाकण्यात चुना काजळीपेक्षा फारसा मागे नसतो. कमी टाकतो तो चकचकीत धातू. जॉन लेस्ली यांनी १८०४ साली गरम पाण्याच्या धातूच्या डब्याची एक बाजू घासून लख्ख केली, एक काळी केली. पाणी तेच, पण काळ्या बाजूची धग कितीतरी जास्त. घासलेल्या पितळी पातेल्याजवळ आणि चुलीवर काळ्या झालेल्या पातेल्याजवळ हात धरून बघा.

गच्चीवर सुटका व्हायची, कारण वर भिंत नव्हती. कोरड्या हवेतून ८ ते १३ मायक्रोमीटर लांबीच्या अवरक्त लहरी बऱ्याच अंशी थेट अवकाशात निघून जातात, आणि अंगातून, फरशीतून निघणाऱ्या लहरींतला मोठा वाटा नेमका याच पट्ट्यात असतो. म्हणून मे महिन्यातही पहाटे पायाशी ठेवलेली चादर ओढून घ्यावी लागे. पाऊस जवळ आला, हवेत बाष्प भरलं, ढग आले की आभाळही उलट धग टाकू लागतं. मग सकाळी ती चादर घडी न मोडता तशीच खाली यायची.