तिरंगी मांजरीच्या क्लोनमधला नारिंगी रंग कुठे गेला?

डिसेंबर २००१मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात क्लोन केलेले पहिले मांजर जन्माला आले. नाव ठेवले सीसी. जिच्या पेशीपासून ती बनवली ती 'रेनबो' तिरंगी होती, म्हणजे पांढऱ्या अंगावर काळे आणि नारिंगी डाग असलेली. सीसीच्या अंगावर पांढरा रंग होता, काळपट-तपकिरी पट्टे होते, नारिंगी मात्र कुठेच नव्हता. डीएनए तपासला तर तो रेनबोचाच होता.

'सगळे जनुकांत लिहून ठेवलेले असते' असे कुणी म्हटले की मला ही मांजर आठवते. शरीरातल्या जवळपास सर्व पेशींमध्ये एकच डीएनए असतो, हे शाळेत शिकवतात ते बरोबरच आहे. पण यकृताची पेशी पित्त तयार करते आणि मेंदूतली करत नाही, कारण प्रत्येक पेशीत काही जनुके चालू असतात आणि काही बंद. डीएनएमधली अक्षरे (ए, टी, जी, सी ही चार रसायने) न बदलता ही चालू-बंद अवस्था ठरवणाऱ्या, आणि पेशी विभागल्यावरही ती टिकवणाऱ्या यंत्रणेला आज एपिजेनेटिक्स म्हणतात. हा शब्द ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९४२मध्ये घडवला.

मांजरातल्या नारिंगी रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. नेमके कोणते, हे कळायला मात्र २०२५ उजाडावे लागले. जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की एआरएचजीएपी३६ या जनुकातला सुमारे ५ हजार अक्षरांचा तुकडा गळालेला असला, की एरवी रंजकपेशींत (केसांचा रंग बनवणाऱ्या पेशींत) गप्प असणारे हे जनुक तिथे जागे होते आणि केस नारिंगी होतात. नराकडे एकच एक्स, त्यामुळे तो एकतर नारिंगी नाहीतर बिननारिंगी. मादीकडे दोन एक्स असतात. एकावर नारिंगीची सूचना आणि दुसऱ्यावर नाही, अशी मादी दोन्ही रंग एकाच अंगावर कशी वागवते?

याचे उत्तर १९६१मध्ये ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी उंदरांच्या रंगांवरून दिले. मादीच्या भ्रूणात अगदी सुरुवातीलाच प्रत्येक पेशी आपल्या दोन एक्सपैकी एक बंद करते. कोणता, हे त्या पेशीपुरते नशिबावर. पण एकदा ठरले की त्या पेशीच्या सगळ्या लेकी-नाती तोच एक्स बंद ठेवतात. तिरंगी मांजरीच्या पाठीवरचा प्रत्येक नारिंगी डाग म्हणजे अशा एका निर्णयाचा वंशविस्तार. (पांढरा भाग वेगळ्या जनुकामुळे, तिथे रंजकपेशी पोहोचलेल्याच नसतात.) बंद एक्स सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकात एक गडद ठिपका म्हणून दिसतो. मरे बार यांना तो १९४९मध्ये दिसला, तोही मांजरीच्याच चेतापेशींत.

स्त्रियांच्या शरीरातही हेच घडते. घर्मग्रंथी न बनण्याचा एक आजार एक्सवरच्या जनुकामुळे होतो. त्या जनुकाची एकच सदोष प्रत असलेल्या स्त्रीच्या पाठीवर आयोडीन आणि स्टार्च लावून घाम येऊ दिला, तर घाम आलेला भाग काळा-निळा होतो आणि मधले कोरडे पट्टे तसेच राहतात. भ्रूणावस्थेतले निर्णय असे डोळ्यांना दिसतात.

एक अख्खे गुणसूत्र बंद होते कसे? ज्या एक्सला गप्प बसायचे आहे, तोच 'एक्झिस्ट' नावाचा सुमारे १७ हजार अक्षरांचा आरएनए बनवतो. त्यापासून प्रथिन बनत नाही. तो आपल्याच गुणसूत्राला चिकटत जातो आणि त्याला वेढून टाकतो. मग त्याच्यामागून विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, येतात. डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, एका रिळावर १४७ अक्षरजोड्या. हिस्टोनच्या शेपटांवरचे अ‍ॅसिटिल गट (गुंडाळी सैल ठेवणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा) काढले जातात, एच३ या हिस्टोनच्या २७व्या जागी तीन मिथाइल गट (इथे बंद ठेवणाऱ्या खुणा) बसतात, गुंडाळी घट्ट होते. शेवटी जनुकांच्या सुरुवातीच्या भागात थेट डीएनएवरच मिथाइल चढतात.

इथेच माझा सर्वात आवडता भाग येतो. पेशी विभागताना डीएनएची नवी साखळी तयार होते, ती कोरी असते. मग खूण पुढे कशी जाते? मिथाइल बसतो तो सी या अक्षरावर, आणि बहुतेक वेळा ज्याच्यापुढे जी आहे अशाच सीवर. आता समोरची साखळी पाहा. सीसमोर जी, जीसमोर सी, आणि ती साखळी उलट दिशेने वाचायची असते, म्हणजे तिथेही 'सीजी'च. त्यामुळे प्रत झाल्यावर जुन्या साखळीवर मिथाइल आणि अगदी समोर रिकामी जागा, अशी अर्धवट खूण उरते. डीएनएमटी१ हे विकर नेमक्या अशाच अर्धवट जागा शोधून दुसरी बाजू भरते. दोन्ही बाजू कोऱ्या असतील तिथे ते सहसा हात लावत नाही. आर्थर रिग्ज, आणि स्वतंत्रपणे रॉबिन हॉलिडे व जॉन प्यू, यांनी ही कल्पना १९७५मध्येच मांडली, हातात असे विकर नसताना!

'विचार बदला, जनुके बदलतील' असे सांगणारी शिबिरे एपिजेनेटिक्सचे नाव घेतात, तेव्हा मला राग येतो. बंद एक्स आयुष्यभर बंद राहतो तो या काटेकोर रसायनामुळे, इच्छाशक्तीला तिथे शिरकाव नाही. मेलेला लाडका प्राणी 'परत आणून देतो' म्हणणाऱ्यांनीही सीसीकडे पाहावे. ज्या पेशीचे केंद्रक काढून रिकाम्या केलेल्या अंडपेशीत घातले, तिच्यात नारिंगीचा एक्स आधीच बंद होता आणि क्लोन करताना तो पुन्हा उघडला नाही, हे तिच्या रंगाचे सर्वात पटणारे स्पष्टीकरण आहे.

नैसर्गिकरीत्या अंडपेशी घडवणाऱ्या पेशींत बंद एक्स पुन्हा जागा होतो. तिथे जुन्या खुणा पुसायला सवड असते. क्लोनिंगमध्ये तेच काम अंडपेशीतल्या द्रवाला घाईत करावे लागते आणि ते बहुधा अर्धवट राहते. ८७ भ्रूणे मांजरींच्या गर्भाशयात सोडली, तेव्हा एकटी सीसी जन्मली. पुढे २०१०मध्ये जपानी संशोधकांना आढळले की क्लोन केलेल्या उंदरांच्या भ्रूणांत चालू राहायला हवा तो एक्ससुद्धा एक्झिस्ट बनवू लागतो. त्यांनी एका एक्सवरून ते जनुकच काढून टाकले, आणि जिवंत पिल्लांचे प्रमाण आठ-नऊ पटींनी वाढले.