रंगीत दिसली म्हणून गावरान?

पुण्यात गावरान म्हणून कोंबडी विकायची तर ती आधी रंगीत दिसली पाहिजे. पौड रस्त्याला किंवा सासवडच्या वाटेवर पिंजऱ्यात तांबडी, काबरी, काळी कोंबडी दिसली की गिऱ्हाईक गाडी थांबवतं आणि पांढऱ्या ब्रॉयलरपेक्षा जास्त पैसे मुकाट मोजतं. हल्ली रंगीत पिसांचे, झपाट्याने वाढणारे पक्षीही मुद्दाम पैदास केले जातात. ते शेडमध्येच वाढतात, तयार खाद्यच खातात आणि बाजारात गावरानच्या भावाने खपतात. चव ठरते पक्ष्याच्या वयावर, तो किती हिंडला-फिरला यावर आणि काय खाल्लं यावर. पिसांचा रंग ठरवणारी जनुकं वेगळी, आणि त्यांना रश्श्याशी काही देणंघेणं नाही.

कोंबडीच्या पिसांत रंगद्रव्यं मुळात दोनच. काळं-तपकिरी युमेलॅनिन आणि तांबूस-सोनेरी फिओमेलॅनिन. ती तयार करणाऱ्या पेशी गर्भात पाठीच्या कण्याजवळ जन्माला येतात, तिथून सरकत सरकत त्वचेत पोचतात आणि पिसाच्या मुळाशी बसून वाढत्या पिसाला रंगाचे कण पुरवतात. कोंबड्याच्या शेपटीवर दिसणारी हिरवी झळाळी यात कुठे बसते? हिरवं रंगद्रव्य तिथे नसतंच. काळ्या कणांच्या अतिशय पातळ, शिस्तशीर थरांवरून प्रकाश परततो तेव्हा आपल्याला हिरवा दिसतो.

काळं बनवायचं की तांबडं, हे मुख्यतः एमसी१आर नावाचं जनुक ठरवतं. माणसांत लाल केसांसाठी जबाबदार असलेलं जनुक हेच. त्याच्यापासून बनणारं प्रथिन रंगपेशीच्या पृष्ठभागावर असतं. संदेश आला की काळं, नाही आला की तांबडं, असा त्याचा साधारण कारभार. पूर्ण काळ्या कोंबड्यांमध्ये या प्रथिनातलं ९२व्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदललेलं असतं. मग संदेश येवो न येवो, काळं उत्पादन चालूच राहतं.

पांढरा रंग तर निव्वळ अडथळ्यांची गोष्ट आहे. पांढऱ्या लेगहॉर्न जातीत रंगाचे कण घडवणाऱ्या पीमेल या प्रथिनात तीन अमिनो आम्लं जास्तीची घुसली आहेत, हे २००४ साली सापडलं. एवढ्याने काळा रंग बंद पडतो. तांबड्यावर परिणाम कमी होतो. आईबापांपैकी एकाकडून आलेली प्रतही पुरते, म्हणून लेगहॉर्नचा संकर रंगीत कोंबडीशी केला तरी पिल्लं बहुतेक पांढरीच निघतात, अंगावर कुठेतरी चुकार काळा ठिपका. दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या कोंबड्यांत मात्र टायरोसिनेज या रंग बनवणाऱ्या विकराच्या जनुकात कधीकाळी एका विषाणूचा तुकडा येऊन अडकला आहे. तिथे दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. ब्रॉयलर पांढरा ठेवण्यामागचं कारण अगदीच व्यापारी आहे. सोललेल्या कोंबडीच्या कातडीत राहिलेली कोवळी पिसं काळी असली तर डाग दिसतात, पांढरी असली तर लक्षात येत नाहीत.

मला यात सगळ्यांत मजेदार वाटते ती पट्टेरी कोंबडी. प्लायमाउथ रॉक जातीचं एखादं पीस हातात घेऊन बघा. काळा पट्टा, पांढरा पट्टा, पुन्हा काळा, असं टोकापासून देठापर्यंत. पीस वाढतं ते मुळाकडून, त्यामुळे टोक सगळ्यांत आधी तयार झालेलं आणि देठ सगळ्यांत शेवटी. म्हणजे पिसाच्या लांबीवर काळ मांडलेला असतो. पट्टेरी पक्ष्यात रंगपेशींची एक तुकडी कामाला लागते, वेळेआधीच पक्व होते आणि थकते. तोवर वाढलेलं पीस काळं. नवी तुकडी येईपर्यंत वाढतं ते पांढरं. यामागचं जनुक सीडीकेएन२ए, हे २०१० साली निश्चित झालं. पेशींच्या विभाजनाला लगाम घालणं हे त्याचं काम. माणसात ते बिघडलं तर मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. कोंबडीत मात्र त्यातल्या बदलाने लगाम जास्तच आवळला जातो.

हे जनुक झेड गुणसूत्रावर असतं आणि खरी गंमत तिथून सुरू होते. पक्ष्यांचा हिशोब आपल्या उलट. कोंबड्याकडे दोन झेड, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. म्हणून पट्टेरी जातीचा कोंबडा तलंगेपेक्षा फिकट दिसतो. त्याला पांढऱ्या पट्ट्याचा दुप्पट डोस मिळालेला असतो. आता काळा ऑस्ट्रालॉर्प कोंबडा आणि पट्टेरी कोंबडी अशी जोडी लावा. कोंबडी आपलं झेड फक्त मुलग्यांना देते, मुलींना डब्ल्यू. परिणामी नर पिल्लं पट्टेरी होणारी, मादी पिल्लं काळी. पिसं फुटायची वाटही बघावी लागत नाही. अंड्यातून बाहेर आलेल्या काळ्या लोकरीच्या पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका असला तर नर, नसला तर मादी. जोडी उलटी लावली तर ही युक्ती फसते, कारण मग पट्ट्याचं जनुक मुलामुलींना सारखंच मिळतं.

बारावीच्या जीवशास्त्रात ज्यांच्या नावाचा चौकोन भरावा लागतो त्या पनेट यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात ही कल्पना उचलून धरली. अन्नटंचाईत अंडी न देणारे नर पोसणं परवडत नव्हतं. आजही तपकिरी अंडी देणाऱ्या अनेक संकरित कोंबड्यांची पिल्लं अशीच रंगावरून निवडली जातात. तिथे पट्ट्याऐवजी सोनेरी-रुपेरी रंगाचं, पण झेडवरचंच, जनुक वापरतात. अंडी देणाऱ्या जातीच्या नर पिल्लांचं पुढे काय होतं, हे या धंद्यातलं सगळ्यांत न बोललं जाणारं प्रकरण.

कोंबड्याचा झुपकेदार, चमकदार पिसारा मिळायला नर संप्रेरक लागत असेल असं वाटतं, पण तसं नाही. स्त्री संप्रेरक इस्ट्रोजेन नसलं की पिसं आपोआप कोंबड्यासारखी येतात. कोंबडीचं एकच, डावं, अंडाशय काम करतं. म्हातारपणी किंवा आजाराने ते निकामी झालं तर पुढच्या पिसं-गळतीनंतर तिला कोंबड्याचा पिसारा फुटतो, कधी ती आरवूही लागते. आरवणारी कोंबडी अपशकुनी समजून तिची मान मुरगळली जाते; बिचारीचं अंडाशय बिघडलेलं असतं, एवढंच.

कडकनाथचं प्रकरण आणखी निराळं. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या या पक्ष्याला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि पुण्याच्या आसपासही त्याची फार्म उभी राहिली. त्याची कातडी, मांस, हाडं काळी असतात. रक्त मात्र लालच आणि अंडीही काळी नसतात. या काळेपणाचा पिसांशी संबंध नाही. ईडीएन३ या जनुकासकट डीएनएचा लाखाहून जास्त अक्षरांचा तुकडा दुप्पट झाल्यामुळे रंगपेशी भरमसाट वाढतात आणि एरवी जिथे जात नाहीत तिथे, थेट हाडांवरच्या आवरणापर्यंत, पोचतात. चीनमधल्या सिल्की कोंबडीत नेमका हाच बदल आहे, पण तिची पिसं पांढरीशुभ्र असू शकतात. कडकनाथमध्येही सोनेरी पिसांचा प्रकार आहेच. तेव्हा काळी पिसं बघून कडकनाथचा भाव देऊ नका. तुरा, जीभ आणि पाय बघा.

पिवळ्या पायांचा धागा तर थेट आपल्या सह्याद्रीत येतो. ताम्हिणी, भीमाशंकरच्या रानात सकाळी ओरडणारा राखी रानकोंबडा पुणेकर भटक्यांच्या ओळखीचा. डार्विनने सगळ्या पाळीव कोंबड्यांचा पूर्वज म्हणून तांबडा रानकोंबडा धरला होता आणि बहुतांशी ते खरंही आहे. पण पिवळ्या कातडीचं जनुक राखी रानकोंबड्याकडून आलं, असं २००८ साली डीएनए तपासून दाखवण्यात आलं. त्यामुळे खाद्यातली पिवळी द्रव्यं तोडणारा विकर कातडीत गप्प बसतो आणि ती द्रव्यं तिथे साठत जातात. ती बनवणं कोंबडीला जमत नाही, खाण्यातूनच मिळावी लागतात. म्हणून पाय फिके पडले तर पोल्ट्रीवाले खाद्यात पिवळा मका किंवा झेंडूचा अर्क वाढवतात.