अमेरिकेत ‘फायनल एक्स्पेन्स’ विमा विकायचाय? लायसन्स, कागदपत्रं आणि कंपनीची निवड

अंत्यविधीचा खर्च निघावा एवढ्यापुरता घेतला जाणारा छोटा आयुर्विमा म्हणजे अमेरिकेतला फायनल एक्स्पेन्स. रक्कम साधारण 5,000 ते 25,000 डॉलर. संरक्षण आयुष्यभराचं, हप्ता वाढत नाही, वैद्यकीय तपासणी नसते. अर्जावर प्रकृतीचे प्रश्न मात्र बहुतेक वेळा असतात. तिथल्या फ्युनरल डायरेक्टर्सच्या राष्ट्रीय संघटनेच्या 2023 च्या पाहणीत दफनासह अंत्यविधीचा मध्यक खर्च 8,300 डॉलर निघाला, दहनासह 6,280. त्यात दफनभूमीतली जागा धरलेली नाही. न्यू जर्सी, टेक्सासकडची आपली काही मंडळी जोडधंदा म्हणून या कामाची चौकशी करतात, त्यांच्यासाठी ही माहिती.

आधी व्हिसा बघा

वय 18 पूर्ण, सोशल सिक्युरिटी नंबर आणि कामाची परवानगी, एवढं किमान हवं. अडतं ते व्हिसावर. एच-1बी वर असाल तर हे काम करता येत नाही, कारण कमिशन हे स्वयंरोजगाराचं उत्पन्न आणि तुमची परवानगी एकाच मालकाकडे बांधलेली. एच-1बी वाल्याच्या एच-4 वरच्या जोडीदाराकडे ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड असेल, तर करता येतं. ही सोय 2015 पासून आहे. ग्रीन कार्डधारक आणि नागरिकांना प्रश्नच नाही. अप्रामाणिकपणाच्या गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तर 1994 च्या केंद्रीय कायद्यानुसार विमा नियामकाची लेखी संमती लागते.

लायसन्स

विम्याचं लायसन्स राज्य देतं, केंद्र सरकार नाही. न्यू जर्सीत आयुर्विम्यासाठी 20 तासांचा कोर्स करून मग परीक्षा. टेक्सासमध्ये कोर्सची सक्ती नाही, थेट परीक्षेला बसा. बोटांचे ठसे दोन्हीकडे द्यावे लागतात. राहत्या राज्याचं लायसन्स हाती आलं, की शेजारच्या राज्यांचं अनिवासी लायसन्स एनआयपीआर या विमा एजंटांच्या राष्ट्रीय नोंदणी संस्थेच्या पोर्टलवरून मिळतं, परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. लायसन्ससोबत मिळणारा एनपीएन, म्हणजे एजंटचा राष्ट्रीय ओळख क्रमांक, जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक फॉर्मवर तोच विचारतात.

कंपनी कशी निवडायची

विमा कंपनीला तिथे कॅरिअर म्हणतात. नवा एजंट पहिला प्रश्न विचारतो तो कमिशनच्या टक्क्यांचा, आणि तिथेच गाडी चुकते. ज्या गिऱ्हाइकाचा अर्ज मंजूरच होणार नाही, त्यावरचं मोठं कमिशन काय चाटायचंय?

अर्जातले प्रश्न मागवून घ्या आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा. मधुमेहाचंच घ्या. एक कंपनी विचारते, इन्सुलिन पन्नाशीच्या आधी सुरू झालं का? दुसरीला त्याचं काही नसतं, पण पायांच्या नसांवर परिणाम झालाय का, हे ती विचारते. पक्षाघात झाला असेल, तर कुठे 12 महिने उलटलेले चालतात, कुठे 24 लागतात. उत्तरांनुसार पॉलिसी ठरते: पहिल्या दिवसापासून पूर्ण संरक्षण देणारी ‘लेव्हल’, सुरुवातीच्या वर्षांत ठरावीक टक्केच देणारी ‘ग्रेडेड’, किंवा प्रश्नच न विचारणारी ‘गॅरंटीड इश्यू’. शेवटच्या प्रकारात पहिल्या दोन वर्षांत आजाराने मृत्यू झाला, तर भरलेले हप्ते थोड्या व्याजासह परत मिळतात, बस.

शिवाय कंपनी गिऱ्हाइकाच्या औषधांचा इतिहास काढते. गॅबापेंटिन कंबरदुखीसाठी लिहून दिलेलं असलं तरी ते नसांच्या विकाराचं धरलं जाऊ शकतं. म्हणून औषधाचं नाव, कशासाठी आणि केव्हापासून, हे अर्जाआधीच विचारून ठेवा. तंबाखूचंही तसंच: काही कंपन्या फक्त सिगारेटबद्दल विचारतात, त्यामुळे तंबाखू मळणाऱ्या काकांचा हप्ता कंपनीगणिक बदलतो.

हप्ता कधी कापला जाईल हेही विचारा. सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी पेन्शनचे पैसे बहुतेकांना जन्मतारखेनुसार महिन्याच्या दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या बुधवारी मिळतात. हप्ता त्याच दिवशी कापण्याची सोय असेल तर पॉलिसी टिकते, नाहीतर खातं रिकामं असताना चेक परततो आणि पॉलिसी बंद पडते. याचा फटका एजंटलाही बसतो, कारण सहा-नऊ महिन्यांचं आगाऊ मिळालेलं कमिशन कंपनी परत मागते. त्याला चार्जबॅक म्हणतात.

आणि एक, भारतातून भेटीला आलेल्या आईवडिलांसाठी हा विमा विकायचा बेत असेल तर विसरा. बहुतेक कंपन्यांना नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच लागतो.

कागदपत्रं आणि नेमणूक

कंपनीशी करार करताना साधारणपणे लायसन्सची प्रत, फोटो ओळखपत्र, डब्ल्यू-9 हा करासाठीचा फॉर्म, रद्द केलेला चेक, मनी लाँडरिंगविरोधी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि व्यावसायिक चुकांसाठीचा ‘ई अँड ओ’ विमा मागतात. पार्श्वभूमी तपासली जाते. आधीच्या कंपनीचं चार्जबॅकचं देणं थकलं असेल, तर तेही इथे उघडं पडतं.

बहुतेक स्वतंत्र एजंट थेट कंपनीकडे न जाता मधल्या मार्केटिंग संस्थेमार्फत करार करतात. सही करण्याआधी ‘रिलीज’चं, म्हणजे संस्थेने तुम्हाला मोकळं करण्याचं कलम वाचा. संस्था सोडायची म्हटली आणि तिने रिलीज दिलं नाही, तर त्या कंपनीकडे दुसरीकडून जाण्यासाठी बहुधा सहा महिने एकही अर्ज न देता थांबावं लागतं. तोंडी आश्वासन चालत नाही, लेखी घ्या.

यानंतर कंपनी आपला एजंट म्हणून तुमची नेमणूक राज्याकडे नोंदवते. बऱ्याच राज्यांत पहिला अर्ज दिल्यावर ही नोंद झाली तरी चालते. पेनसिल्व्हेनियात मात्र नेमणूक आधी आणि विक्री नंतर. न्यू जर्सीचा एजंट नदी ओलांडून फिलाडेल्फियात गेला, तर नेमणूक झाल्याचं कंपनीने कळवल्याशिवाय त्याने अर्ज भरून घेऊ नये.

लायसन्स न्यू जर्सीत आणि टेक्सासमध्ये दर दोन वर्षांनी नूतनीकरणाला येतं. त्यासाठी 24 तासांचं शिक्षण पूर्ण करावं लागतं, आणि त्यातले काही तास व्यावसायिक नीतीचे असावे लागतात.