दवाखान्याच्या औषधखर्चाचा आकडा येतो कुठून?

इंग्लंडमधल्या कुठल्याही फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्याने एखाद्या महिन्यात कोणती औषधं किती लिहिली आणि त्यावर किती खर्च झाला, हे आज कोणालाही पाहता येतं. पण ही माहिती मुळात केमिस्टची बिलं चुकती करताना जमा होते. हे ध्यानात न घेता आकडे वाचले की डॉक्टरांवर हमखास अन्याय होतो.

५ जुलै १९४८ला राष्ट्रीय आरोग्य सेवा (एनएचएस) सुरू झाली तेव्हा औषधं मोफत होती. खर्च वाढत गेला आणि जून १९५२पासून एका चिठ्ठीमागे एक शिलिंग घेतलं जाऊ लागलं. १९६५मध्ये ते रद्द झालं, १९६८मध्ये अनेकांना सवलती ठेवून परत आलं. आजही सुमारे ९० टक्के औषधं रुग्णाला फुकटच मिळतात, आणि ज्यांना पैसे पडतात त्यांना औषध महाग असो की स्वस्त, दर एकच. म्हणजे लिहिणारा एक, घेणारा दुसरा, पैसे भरणारा तिसरा. औषधाची खरी किंमत पहिल्या दोघांच्या नजरेसमोर येतच नाही. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

त्यातून सगळी भिस्त डॉक्टरांच्या लेखणीवर. चिठ्ठीत ब्रँडचं नाव असेल तर केमिस्टला एरवी तोच ब्रँड द्यावा लागतो, स्वतःहून स्वस्त जेनेरिक (तेच औषध, पण ब्रँडशिवाय मूळ नावाने विकलं जाणारं) देता येत नाही. ती मुभा द्यावी अशी शिफारस १९८३मध्ये ग्रीनफील्ड समितीने केली होती. ती अमलात आली नाही, आणि २०१०मध्ये तसाच प्रस्ताव सरकारने पुन्हा बाजूला ठेवला. मधल्या काळात १९८५मध्ये खोकल्याची औषधं, अँटासिड, जीवनसत्त्वं अशा काही गटांतली बरीच औषधं सरकारी खर्चाने लिहायला बंदी आली. १९८८पासून ‘पॅक्ट’ अहवाल सुरू झाले, त्यात डॉक्टरांना आपला खर्च सरासरीच्या तुलनेत दिसू लागला. जेनेरिक नावाने लिहिण्याची सवय हळूहळू रुजली. आज चारपैकी तीनांहून जास्त औषधं तशीच लिहिली जातात.

२०११च्या अखेरीस हे दवाखानानिहाय आकडे दरमहा सर्वांसाठी खुले झाले. पुढच्याच वर्षी ब्रिटिश डॉक्टर आणि लेखक बेन गोल्डेकर आणि सहकाऱ्यांनी फक्त कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातली महागडी औषधं तपासली आणि वर्षाला सुमारे २० कोटी पौंड वाचले असते असं दाखवलं. त्यांच्याच पुढाकाराने २०१५मध्ये हे आकडे सहज पाहता येणारी ‘ओपनप्रिस्क्रायबिंग’ ही ऑनलाइन सेवा आली.

आता यातली एक ओळ जवळून पाहा. दवाखान्याचा कोड, औषधाचा कोड, किती वेळा लिहिलं, किती गोळ्या, किती पैसे. आजार कोणता, रुग्णाचं वय काय, हे त्या ओळीत नाही. एका डॉक्टरांनी एकदम ५६ गोळ्या लिहिल्या तर नोंद एक. दुसऱ्यांनी २८-२८ करून दिल्या तर दोन. गोळ्या तेवढ्याच. वृद्धाश्रमाशेजारच्या दवाखान्याचा खर्च विद्यापीठाच्या दवाखान्यापेक्षा जास्त असणारच.

कधी तर डॉक्टरांनी काहीच बदललेलं नसतं. अपस्मारावरच्या फेनिटॉइन कॅप्सूलचं ब्रँडनाव २०१२मध्ये काढलं गेलं, त्यामुळे ब्रँडच्या किमतींवरचं नियंत्रण तिला लागू राहिलं नाही आणि किंमत एकदम वाढली. एनएचएसचा तिच्यावरचा खर्च वर्षाला सुमारे २० लाख पौंड होता, तो २०१३मध्ये ५ कोटींवर गेला. कॅप्सूल तीच, रुग्ण तेच, चिठ्ठीही तीच होती.