बीडीएसनंतर एमडीएस: परीक्षेइतकीच कागदपत्रांची तयारी

बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीची चार वर्षे आणि एका वर्षाची इंटर्नशिप झाली की दंतवैद्यकाच्या नऊ शाखांपैकी एकीत तीन वर्षांचे एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, करता येते. त्यासाठी नीट एमडीएस ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा एनबीई (नॅशनल बोर्ड ऑफ एक्झामिनेशन्स) संगणकावर घेते. तीन तासांत 240 प्रश्न असतात. बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात, चुकल्यास 1 वजा होतो. पात्रतेसाठी खुल्या गटाला 50 पर्सेंटाइल (म्हणजे निम्म्या परीक्षार्थींइतके किंवा त्यांहून जास्त गुण), एससी, एसटी, ओबीसींना 40, तर खुल्या गटातील दिव्यांगांना 45 लागतात. नीट एमडीएसचे गुण त्याच वर्षीच्या प्रवेशापुरते चालतात. आर्मी डेंटल कोअरच्या शॉर्ट सर्व्हिस भरतीतही ते विचारात घेतले जातात, हे मात्र अनेकांना माहीत नसते.

अर्ज भरताना बीडीएसचे प्रमाणपत्र आणि राज्य डेंटल कौन्सिलची नोंदणी हाताशी असू द्या. इंटर्नशिप माहितीपुस्तिकेतल्या तारखेपर्यंत पूर्ण होत असेल तरच अर्ज करता येतो. परीक्षेच्या तारखेआधी ही तारीख वाचा.

निकालानंतर समुपदेशन दोन ठिकाणी चालते. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा आणि अभिमत विद्यापीठांच्या सगळ्या जागा केंद्राची एमसीसी (मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) भरते. महाराष्ट्राच्या कोट्याच्या जागा राज्याची सीईटी सेल (सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष) भरते. नोंदणी आणि शुल्क दोन्हीकडे वेगळे.

खरी अडचण जातीच्या दाखल्यांत येते. राज्याच्या फेरीत राखीव जागा हवी असेल तर नुसता दाखला पुरत नाही, व्हॅलिडिटी म्हणजे जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही लागते. समितीकडून ती मिळायला महिनोन् महिने जातात, म्हणून ज्यांच्याकडे नाही त्यांनी इंटर्नशिपच्या सुरुवातीलाच अर्ज करावा. ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती व भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) आणि एसईबीसींना (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) त्याशिवाय नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र हवे. एमसीसीत गणित बदलते. तिथे ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला असावा लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. व्हीजेएनटीतल्या ज्या जाती त्या यादीत आहेत त्या तिथे ओबीसीत मोजल्या जातात; एसईबीसी हा गटच तिथे नाही. चांगले गुण असूनही केवळ चुकीच्या नमुन्यामुळे राखीव जागा हातची जाते, तेव्हा फार वाईट वाटते. तहसीलमध्ये अर्ज देतानाच दोन्ही नमुने मागा.

बाकी गुणपत्रिका, इंटर्नशिप पूर्ततेचा दाखला, डोमिसाइल, नीटचे प्रवेशपत्र व निकाल आणि ओळखपत्र. सगळीकडे नावाचे स्पेलिंग एकसारखे आहे ना, ते पाहा. प्रवेश घेताना मूळ कागद कॉलेजात जमा करावे लागतात, तेव्हा प्रत्येकाची स्कॅन प्रत आणि साक्षांकित झेरॉक्सचे दोन संच आधीच करून ठेवा.