कुरणाचा निवाडा कोणी करायचा?

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाच्या मध्यभागी नायजर नदी पसरट होते आणि दरवर्षी पुरात हजारो चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली जाते. त्या पाण्यात बुर्गू नावाचं गवत वाढतं. पाणी ओसरलं की दूरवर चरायला गेलेले फुलानी पशुपालक गुरांसह नदी ओलांडून या कुरणांवर उतरतात. कुठला कळप आधी, कुठला मागून, हे बैठकीत ठरतं. एकोणिसाव्या शतकात इथे राज्य उभं करणाऱ्या सेकू अमादू यांनी बसवलेली ही घडी आहे. कुरण सांभाळणाऱ्याला जोवरो म्हणतात. बाहेरच्या कळपाकडून तो चराई घेतो.

साहेल म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचा पट्टा. तिथली अस्थिरता समजून घ्यायला मला हे गवत फार उपयोगी पडलं. ‘दुष्काळ पडला म्हणून लोक हाणामाऱ्या करू लागले’ हे उत्तर नेहमी दिलं जातं, पण ते अपुरं आहे. इथलं भांडण ओसाड माळावरचं नाही, सगळ्यात कसदार कुरणावरचं आहे. १९७० आणि ८०च्या दशकांतल्या दुष्काळांनंतर भातशेती बुर्गूच्या जमिनीवर सरकली, चराईचे दर चढले. तक्रार घेऊन गेलं तर सरकारी माणसं दोन्ही बाजूंकडून पैसे खातात, असा लोकांचा अनुभव होता. निवाडा करणाऱ्यावरचा विश्वास उडाला, तो बंदुका येण्याच्या कितीतरी आधी.

बंदुका आल्या लिबियातून. २०११मध्ये गद्दाफींची राजवट कोसळली आणि त्यांच्या सैन्यातले तुआरेग या वाळवंटी जमातीचे लढवय्ये शस्त्रांसह उत्तर मालीत परतले. जानेवारी २०१२मध्ये त्यांचं बंड सुरू झालं. सरकार हे बंड नीट हाताळत नाही म्हणून चिडलेल्या सैनिकांनी २२ मार्चला राजधानी बामाकोत सत्ता उलथवली. पुढे काय झालं ते तारखांसकट पाहा: उत्तरेतली मोठी शहरं बंडखोरांच्या हाती पडली, ३० मार्चला किदाल, ३१ला गाओ, १ एप्रिलला टिंबक्टू. उत्तर वाचवायचं म्हणून केलेल्या उठावानं तीन दिवसांत उत्तर घालवलं. थोड्याच महिन्यांत जिहादी गटांनी तुआरेग बंडखोरांनाही तिथून हुसकलं.

मध्य मालीतलेही अनेक सरकारी अधिकारी पळाले होते. त्या मोकळ्या जागेत २०१५च्या सुमारास अमादू कूफा या फुलानी धर्मोपदेशकाची कतिबा मासिना ही जिहादी संघटना शिरली. त्यांनी धर्म सांगितलाच, पण चराईच्या दरांनाही लगाम घातला आणि तंट्यांचे झटपट निकाल दिले. गरीब पशुपालकाला हे दुसरं अधिक भिडलं असेल. विरोध करणाऱ्यांना त्यांनी ठार केलं, शाळा बंद पाडल्या. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. प्रत्येक फुलानी माणूस जिहादी समजला जाऊ लागला. डोगोन शेतकऱ्यांमधून सशस्त्र टोळ्या उभ्या राहिल्या. २३ मार्च २०१९ला ओगोसागू या फुलानी गावात सुमारे १६० माणसं मारली गेली. अशा प्रत्येक कत्तलीनंतर जिहाद्यांकडे जाणारी पोरं वाढतात. सुरक्षेसाठी उभी केलेली गोष्टच धोका वाढवत जाते.

राजधान्यांमध्येही असंच चक्र फिरतं. लॉन्ड्रेगन आणि पूल या अभ्यासकांनी १९५० ते १९८२ या काळातल्या १२१ देशांची माहिती तपासून १९९०मध्ये दाखवलं, की गरिबी लष्करी उठावाला पोषक असते आणि एकदा उठाव झाला की पुढचा टाळणं अवघड होतं. मालीत ऑगस्ट २०२० आणि मे २०२१, शेजारच्या बुर्किना फासोत जानेवारी आणि सप्टेंबर २०२२, नायजर देशात जुलै २०२३. तीन वर्षांत पाच उठाव, आणि बिघडलेल्या सुरक्षेचं कारण पुन्हा पुन्हा पुढे केलेलं. बंदुकीच्या बळावर आलेल्याला आपल्याच छावणीवर डोळा ठेवावा लागतो. मग भरवशाची पथकं राजधानीत राहतात आणि दूरचं गाव उघडं पडतं.

बुर्किना फासोत २०२३पर्यंत २० लाखांहून जास्त माणसं देशातल्या देशात विस्थापित झाली. म्हणजे दहा माणसांतलं जवळपास एक. गुरं घेऊन निघालेलं कुटुंब अनोळखी शिवारात पोचतं, तिथे पीक तुडवलं जातं आणि निवाडा करणारं कोणीच नसतं.

२०२१च्या सुरुवातीला मालीच्या कोरो भागात डोगोन आणि फुलानी प्रतिनिधी समोरासमोर बसले आणि त्यांनी करार केले. मागण्या साध्या होत्या: शेतावर जाता यावं, गुरं हिंडवता यावीत, बाजाराचा रस्ता मोकळा असावा.